ई-२० पेट्रोल आणि धरणावरची जुनी बोट: इंजिन मधेच का बंद पडतं, आणि करायचं काय?

ई-२० पेट्रोलवरून २०२५ मध्ये सोशल मीडियावर जो गोंधळ झाला, तो तुमच्या फीडमध्येही आला असेल. मायलेज कमी झालं, जुन्या बाईकचं इंजिन खराब होतं, वॉरंटी जाते की राहते, असे शेकडो रील्स फिरले. या सगळ्या चर्चेत एक इंजिन मात्र जवळपास कुणालाच आठवलं नाही: बोटीच्या मागे लटकवलेलं आउटबोर्ड इंजिन.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे समुद्र? बरोबर आहे, अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. पण भंडारदरा आहे, निळवंडे आहे, राहुरीजवळचं मुळा धरण आहे, शेवगाव-नेवासा भागात जायकवाडीचा फुगवटा आहे. तिथे पर्यटकांना फिरवणाऱ्या, मासेमारीच्या आणि पूर आला की बाहेर निघणाऱ्या बचावाच्या बोटी असतात. त्यातली बरीच इंजिनं जुनी, कार्बोरेटरवाली. आणि पेट्रोल तेच, जे तुमच्या बाईकमध्ये जातं.

आज आपण दोन गोष्टी बघू. एक, ई-२० आणि पाणी यांचं नेमकं काय भांडण आहे. दोन, टाकीत खराब पेट्रोल गेलंय हे ओळखायचं कसं आणि दुरुस्त कसं करायचं. बोट नसली तरी वाचा, कारण घरातल्या जुन्या बाईकला, फवारणी पंपाला आणि जनरेटरलाही यातलं बरंच लागू पडतं.

हा विषय आत्ताच का?

आधी थोडा इतिहास. २०१४ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी दीड टक्का इथेनॉल मिसळलं जात होतं. जून २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल, निवडक पंपांवर विकायला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचा टप्पा गाठला. मूळ लक्ष्य २०३० चं होतं, म्हणजे पाच वर्षं आधीच.

ऑगस्ट २०२५ मध्ये वाहनधारकांच्या तक्रारी वाढल्या. पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा दिला, की मायलेजमधली घट किरकोळ आहे आणि इंजिन खराब होण्याची भीती निराधार आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय द्या, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. प्रवरानगरला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच जिल्ह्यात. कोपरगावपासून नेवाशापर्यंत आज कारखान्यांची रांग आहे आणि अनेकांना डिस्टिलरी जोडलेली आहे. साखरेचा भाव पडला तरी इथेनॉलचे पैसे येतात, त्यातून उसाचं बिल वेळेवर निघायला मदत होते. म्हणून इथेनॉल वाईट, असं इथे सरसकट म्हणणं म्हणजे आपल्याच ताटात माती कालवणं.

गंमत बघा. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून खाली येतं, त्यावर ऊस पिकतो, उसाच्या मळीपासून इथेनॉल बनतं, ते पेट्रोलमध्ये मिसळतं, आणि तेच पेट्रोल कॅनमधून परत भंडारदऱ्याच्या बोटीत जातं. प्रश्न त्या शेवटच्या टप्प्यावर आहे.

मूळ भानगड: इथेनॉलला पाणी आवडतं

साधं पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पाणी जड, त्यामुळे ते टाकीच्या तळाशी बसतं. इथेनॉलचं तसं नाही. ते पाण्याला धरून ठेवतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर थोडं पाणी त्यात विरघळून जातं आणि इंजिनातून जळूनही जातं. इथपर्यंत हा फायदाच आहे.

पण या धरून ठेवण्याला मर्यादा आहे. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पेलतं. २५ लिटरच्या टाकीत हे झालं सव्वाशे मिली, म्हणजे एका चहाच्या ग्लासाएवढं. ई-२० त्यापेक्षा थोडं जास्त पाणी पेलतं. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याच्या बाजूला जातं आणि दोघं मिळून तळाशी वेगळा थर करतात. याला फेज सेपरेशन म्हणतात. मराठीत सांगायचं तर पेट्रोल फुटतं, दूध फुटतं तसं.

इथे ई-२० चा तोटा दिसतो. इथेनॉल दुप्पट, म्हणून फुटल्यावर तळाचा थरही मोठा. २५ लिटरच्या टाकीत पाच लिटर इथेनॉल असतं. त्यातलं बरंचसं खाली उतरलं तर काही लिटरचा थर होतो. आणि इंजिनाला पेट्रोल देणारी नळी कुठून ओढते? तळातून! म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तोच पाणी आणि अल्कोहोलचा.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, तापमान. पेट्रोल थंड झालं की त्याची पाणी पेलण्याची ताकद कमी होते. दुपारी स्वच्छ दिसणारं पेट्रोल भंडारदऱ्याच्या डिसेंबरच्या रात्री फुटू शकतं. सकाळी इंजिन चालू होत नाही आणि आपण म्हणतो, काल तर मस्त चालत होतं.

दोन, टू-स्ट्रोक इंजिन. यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल फुटलं की ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं. तळाच्या थरात वंगण जवळपास नसतंच. तो थर इंजिनात गेला आणि इंजिन कसंबसं चालत राहिलं, तर पिस्टन घासून जाम होऊ शकतो. चार-सहा हजारांचं काम थेट नव्या इंजिनाच्या खर्चापर्यंत जाऊ शकतं.

बाईकपेक्षा बोटीला त्रास जास्त का?

- टाकी उघडी: बोटीच्या सुट्या टाकीच्या झाकणावर हवेसाठी स्क्रू असतो. बोट उभी असताना तो उघडा राहिला तर पावसाचं पाणी, लाटेचे शिंतोडे आत जातात. दमट हवेतूनही ओलावा येतो, पण हळूहळू. खरा घोळ बहुतेक वेळा झाकणातून किंवा ओल्या कॅनमधून झालेला असतो.
- पडून राहणं: बाईक रोज चालते, टाकी आठवड्यात रिकामी होते. बोटीची टाकी महिनोन्‌महिने अर्धी भरलेली पडून असते.
- कार्बोरेटर: नव्या गाडीतला संगणक पेट्रोल बघून इंधनाचं प्रमाण बदलतो. जुन्या आउटबोर्डचा जेट म्हणजे एक ठरलेलं भोक. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. बोटीचं इंजिन तर बहुतेक वेळ जोरातच चालतं, उतार लागला म्हणून आराम असा नसतोच.
- जुनं रबर: जुन्या नळ्या, डायफ्रॅम, ओ-रिंग इथेनॉलसाठी बनवलेल्या नसतात. त्या फुगतात, मऊ होतात, आतून सुटतात. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकट गाळ सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो.

यामाहा, सुझुकी, मर्क्युरी या कंपन्यांची आउटबोर्डची मॅन्युअल बघा. तिथे साधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. अमेरिकेत तर १५ टक्के इथेनॉलचं पेट्रोल बोटींमध्ये भरायला कायद्याने मनाई आहे आणि तिथल्या पंपांवर तसा नारिंगी स्टिकर असतो. तिथे बोटवाल्याला १० टक्क्यांचा पर्याय शेजारीच मिळतो. आपल्याकडे साध्या पंपावर असा पर्याय उरलेला नाही. खरा फरक इथे आहे.

मायलेजचंही सांगून टाकतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट अंदाजली होती. बोटीच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच, की ‘इतक्या पेट्रोलमध्ये पलीकडे जाऊन परत येतो’ हा जुना हिशोब आता थोडा वाढवून धरा.

ओळखायचं कसं? बाटली आणि मोबाईल पुरे

इंजिन खोलण्याआधी पेट्रोल बघा. दहापैकी कितीतरी वेळा उत्तर तिथेच मिळतं.

चाचणी १: थर बघणं. टाकी तासभर हलवू नका. मग तळातून पेट्रोल काढून स्वच्छ, पारदर्शक काचेच्या बरणीत घ्या. मागे पांढरा कागद धरा. अर्ध्या तासाने थोडं लांबून फोटो काढा आणि झूम करून बघा. पेट्रोल स्वच्छ आणि एकसारखं असेल तर ठीक. दुधाळ दिसत असेल तर ते फुटण्याच्या बेतात आहे. मधे रेषा आणि खाली वेगळा थर दिसला तर फुटलंय. तळाशी काळे कण किंवा चिकट गाळ असेल तर नळी किंवा टाकी आतून सुटतेय.

चाचणी २: इथेनॉल किती? १०० मिलीचं मोजपात्र घ्या. २० मिली पाणी आणि त्यावर ८० मिली पेट्रोल टाका. नीट हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, म्हणून खालचा थर वाढतो. तो ३५-३६ मिलीच्या आसपास आला तर १५-१६ मिली इथेनॉल होतं, म्हणजे ८० पैकी साधारण २० टक्के. जवळजवळ २८ आला तर १० टक्के. प्रयोगशाळेइतकं अचूक नाही, पण अंदाज पक्का येतो. महागडं प्रीमियम पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेलंच, असं गृहीत धरू नका. हीच चाचणी करून खात्री करा.

सगळं मोकळ्या हवेत करा. जवळ विडी-सिगारेट, गॅस, चालू इंजिन काही नको. आणि चाचणीचं पेट्रोल परत टाकीत ओतायचं नाही.

इंजिन बंद पडतंय? या क्रमाने बघा

1. आधी सोप्या गोष्टी. सेफ्टी दोरीची क्लिप जागेवर आहे ना? टाकीवरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? तो बंद असेल तर इंजिन पाच-दहा मिनिटं चालतं आणि गुदमरून बंद पडतं. यात पेट्रोलचा काही दोष नसतो.

2. कसं बंद पडलं ते आठवा. स्विच बंद केल्यासारखं एकदम गप्प झालं तर आधी करंटची बाजू बघा. खोकत, झटके देत, हळूहळू मेलं तर बहुतेक इंधनाची भानगड.

3. रबरी बल्ब दाबून बघा. नळीच्या मधला बल्ब दाबून कडक होत नसेल तर कुठूनतरी हवा ओढतोय किंवा त्याचा व्हॉल्व्ह गेलाय. इंजिन चालताना बल्ब चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: स्क्रू बंद किंवा तळाची जाळी तुंबलेली. बल्ब सतत दाबत राहिलं तरच इंजिन चालतं? मग फ्युएल पंपाचा डायफ्रॅम किंवा नळीतली गळती बघा.

4. दुसरी टाकी लावा. ही सगळ्यात महत्त्वाची चाचणी. पाच लिटरच्या स्वच्छ टाकीत ताजं पेट्रोल घ्या, वेगळी चांगली नळी आणि बल्ब लावा. टू-स्ट्रोक असेल तर मॅन्युअलमधल्या प्रमाणात ऑइल टाका. ५०:१ असेल तर पाच लिटरला १०० मिली. इंजिन पाण्यात किंवा ड्रममध्ये ठेवूनच चालू करा, कोरडं चालवलं तर वॉटर पंपाचा इंपेलर जातो. आता नीट चाललं तर दोष जुन्या टाकीत किंवा नळीत. तरीही कुरकुर असेल तर घाण पुढे इंजिनापर्यंत पोचलीय.

5. फिल्टर. काढून एका वाटीत रिकामा करा. पाणी दिसलं तर बदला. पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल तर बसवून घ्या. पण एक लक्षात घ्या, हा फिल्टर सुटं पाणी अडवतो. पेट्रोल फुटून तळाला काही लिटरचा थर झाला असेल तर तो पुरा पडत नाही.

6. कार्बोरेटरची वाटी. खालचा ड्रेन स्क्रू सोडून वाटीतलं पेट्रोल बरणीत घ्या. पाण्याचे गोळे, पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर कार्बोरेटर खोलून साफ करावा लागेल. इंजिन जोरात चालतं पण हळू केलं की बंद पडतं? बारीक जेट तुंबलाय. हळू चालतं पण रेस दिली की दम सोडतं? मुख्य जेट किंवा पंप बघा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत वापरा.

7. प्लग. ओले असतील तर पुसून वाळवा किंवा बदला. टू-स्ट्रोकमध्ये फुटलेलं पेट्रोल गेलं असेल आणि दोरी जड लागत असेल तर जोर करू नका, मेकॅनिककडे न्या.

फुटलेलं पेट्रोल परत जोडणारं औषध मिळतं का, असं बरेच जण विचारतात. बाटलीवर काहीही लिहिलेलं असलं तरी थर वेगळा झाल्यावर ते पेट्रोल कामाचं राहत नाही. वरचा थर काढून वापरावा म्हटलं तर त्यातलं इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो. सगळं काढा, टाकी पुसून कोरडी करा, नव्याने भरा. आणि काढलेलं पेट्रोल धरणात किंवा ओढ्यात ओतू नका. खालची गावं तेच पाणी पितात. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

प्रत्येक वेळी दोष इथेनॉलचाच?

नाही, आणि हे सांगणं गरजेचं आहे. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशात रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेल भरल्यावर बंद पडल्या. डिझेलमध्ये पाणी निघालं आणि पंप सील झाला. डिझेलचा आणि ई-२० चा काही संबंध नाही. पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरू शकतं, हा जुनाच प्रश्न आहे. फक्त आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने तिथेही पेट्रोल फुटू शकतं. शंका आली तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनता तपासून मागण्याचा ग्राहक म्हणून तुम्हाला अधिकार आहे. बिल जपून ठेवा, त्याच दिवशी नमुना काढा, फोटो काढा. आठवड्याने केलेल्या तक्रारीत पाणी पंपाचं की तुमच्या कॅनचं, हे कुणीच सिद्ध करू शकत नाही.

खरा प्रश्न बचावाच्या बोटीचा

पर्यटकांची बोट मधेच बंद पडली तर वल्ही मारत किनारा गाठता येतो. पुरात तसं नसतं.

२२ मे २०२४ ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत दोन तरुण बुडाले. दुसऱ्या दिवशी त्यांना शोधायला धुळ्याहून आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट भोवऱ्यात उलटली आणि तीन जवानांचा जीव गेला. ती दुर्घटना पाण्याच्या ओढीने झाली, त्याला पेट्रोलशी जोडणं चूक ठरेल. पण त्यातून एक गोष्ट कळते. बंधाऱ्याजवळच्या ओढीत बोट किती कमी फटीत काम करते! अशा जागी इंजिनाने दहा सेकंद दम सोडला तरी बोट आडवी होऊ शकते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीना आणि इतर नद्यांना आलेल्या पुरात गावागावांतून लोकांना बोटीने काढावं लागलं, हे तर आपण सगळ्यांनी बघितलंच.

आता विचार करा. बचावाची बोट ऑक्टोबरमध्ये गोदामात जाते आणि जूनमध्ये बाहेर येते. टाकीत जुनं ई-२० तसंच राहिलं असेल तर? रोज चालणाऱ्या बोटीपेक्षा ज्या बोटीची गरज वर्षातून एकदाच पडते, तिलाच या पेट्रोलचा धोका सगळ्यात जास्त आहे.

उपाय महाग नाहीत. हंगाम संपला की टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी करणं, कार्बोरेटरची वाटी काढून टाकणं. पेट्रोल भरलेल्या कॅनवर तारीख लिहिणं आणि महिन्यापेक्षा जुनं पेट्रोल बोटीत न वापरणं. जुन्या नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉल चालणाऱ्या रबराच्या करून घेणं. पावसाळ्याआधी इंजिन नुसतं चालू करून न बघता पाण्यात अर्धा तास जोरात चालवून बघणं. तालुक्याच्या मान्सूनपूर्व तयारीच्या यादीत बोटी किती हा रकाना असतो. त्याशेजारी ‘पेट्रोल कधी भरलं’ हा एक रकाना वाढवायला किती खर्च येतो?

आणि धोरणाच्या बाजूने एक मागणी रास्त वाटते. इथेनॉल बंद करा, असं कुणी म्हणत नाही, निदान या जिल्ह्यात तरी नाही. पण पंपावर इथेनॉलचं प्रमाण ठळक लिहिलेलं असावं. आणि बोटी व आपत्कालीन यंत्रणांसाठी जिल्ह्यात एका-दोन ठिकाणी तरी कमी इथेनॉलचं पेट्रोल मिळावं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ई-२० साठी तयार होऊन येतात. वीस वर्षांपूर्वीचं आउटबोर्ड स्वतःहून तयार होणार नाही.

थोडक्यात

- इंजिन खोलण्याआधी पेट्रोल बरणीत बघा.
- दोष टाकीत की इंजिनात, हे दुसरी टाकी लावून ठरवा.
- फुटलेलं पेट्रोल जोडता येत नाही, फेकावंच लागतं, पण पाण्यात नाही.
- बोट ठेवून द्यायची असेल तर टाकी कोरडी, आणि कॅनवर तारीख.
- पुढच्या वेळी धरणावर बोटीत बसाल तेव्हा लाईफ जॅकेट मागाच, आणि वल्ही आहेत ना, हेही एकदा बघा. इंजिन कितीही चांगलं असलं तरी.